दुसरी वीट

टायर बदलताना गाडी घरंगळू नये म्हणून चाकाला वीट लावतात. अकरा वर्षांपूर्वी माझ्या दादाने ती लावली होती आणि मी काढली. एवढंच सांगायचं होतं. आता वाचणाऱ्याला वाटेल, यात काय एवढं? पण हे एक वाक्य तोंडातून बाहेर काढायला मला अकरा वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात माझ्या सख्ख्या भावाचं डोकं मी जवळजवळ नासवलं.

नातेवाइकांत माझी ख्याती शांत माणूस अशी आहे. लग्नकार्यात मला कुणी माईक देत नाही, भांडणात कुणी साक्षीला बोलावत नाही. शांत माणसं दोन प्रकारची असतात. एकांकडे बोलण्यासारखं काही नसतं, आणि दुसऱ्यांकडे जे असतं ते बोलण्यासारखं नसतं. मी दुसऱ्या प्रकारचा.

तेव्हा आम्ही सगळे लालबागला चाळीत राहायचो. दादा, वहिनी, त्यांची कॉलेजला जाणारी मुलगी, आणि शेजारच्या खोलीत मी आणि बायको. आम्ही दोघा भावांनी मिळून एक जुनी गाडी घेतली होती. पांढरी होती असं कागदावर लिहिलं होतं. तिचा हॅन्डब्रेक ओढला की दातपडक्या म्हाताऱ्यासारखा नुसता कर्रकर्र करायचा, धरायचा काहीच नाही. पण गाडी होती. आणि गाडीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिला वाडीत जागा होती.

जागेचं शास्त्र समजून घ्यायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या वाडीत गाड्या बावीस आणि जागा चौदा. पाट्या नाहीत, नंबर नाहीत. गाडी बाहेर काढली की जागेवर खूण ठेवायची. कुणी मोडकी खुर्ची ठेवायचं, कुणी सिमेंट भरलेला रंगाचा डबा. आमच्या ओळीत विटांची रीत होती आणि तिचा नियम कडक होता. एक वीट म्हणजे पोरांच्या क्रिकेटचा स्टंप, कुणीही लाथेने उडवावा. दोन विटा शेजारी शेजारी म्हणजे मालक येतोय. दोन विटा दिसल्यावर गाडी घालणाऱ्याला अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या ऐकायला संध्याकाळचं काम टाकून बायका यायच्या. एका विटेच्या जागेवर मात्र कुणी गाडी घातली तर तक्रार चालत नसे. “दुसरी कुठंय?” एवढं विचारलं की खटला संपला.

त्या दिवशी रविवार होता, सकाळचे नऊ-साडेनऊ. दादरला वहिनीच्या मामेबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. दादाने गाडी जागेवरून काढली, मी शिस्तीत दोन विटा मांडल्या, आणि दहा पावलांवर पाण्याच्या टाकीपाशी गाडी लंगडली. पुढचं डावं चाक बसलं होतं.

“पंक्चरवाल्याला बोलावू?” मी विचारलं.

“कशाला? स्टेपनी हाय ना,” दादा म्हणाला. त्याने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि वहिनी गॅलरीतून ओरडल्या, “अहो, शर्ट!”

“शर्ट साखरपुड्याचा नाय, माझा आहे,” दादा म्हणाला.

त्याला हे काम यायचं. जुन्या नोकरीत तो साहेबाच्या गाडीबरोबर फिरायचा, तेव्हा ड्रायव्हरकडून शिकला होता. टाकीपाशी जमीन फाटकाच्या बाजूला थोडी उतरती होती. दादाने गाडी गिअरमध्ये टाकली, तो नावाचा हॅन्डब्रेक ओढला, आणि आमच्या जागेवरच्या दोन विटांतली एक उचलून मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, उताराच्या बाजूला, टाचेने ठोकून बसवली. मग समोर जाऊन नट सैल केले, जॅक लावला, गाडी उचलली. मला म्हणाला, “तू इथंच उभा राहा. लक्ष ठेव.”

मी लक्ष ठेवलं. कशावर, हा प्रश्न आहे.

मागच्या फाटकातून तळमजल्यावरच्या काकांची मोठी गाडी आत आली. काकांचं आणि आमचं त्या जागेवरून दोनदा वाजलं होतं. त्यांनी गाडी हळू केली, काच खाली केली, आमच्या जागेकडे पाहिलं. तिथं एकच वीट. काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी अजून विसरलेलो नाही. काका मंडपात जेवायला बसल्यासारखे दिसत होते.

मी विचार केला नाही असं म्हणणार नाही. केला. हॅन्डब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, अर्ध्या मिनिटाचा प्रश्न. दादा पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला, त्याची पाठ माझ्याकडे. गॅलरीत कुणी नाही, वहिनी साडी नेसायला आत गेलेल्या. मी वाकलो, चाकापुढची वीट काढली, धावत जाऊन जागेवरच्या विटेशेजारी ठेवली. वीट कुठून आली हे काकांनी बघितलंच नाही, तोंड वाकडं केलं आणि गाडी पुढे घेतली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तेवढा माझ्या लग्नातही झाला नव्हता. हे बायकोलाही माहीत आहे.

मागून आवाज आला. मोठा नव्हता. जॅक कलंडला आणि गाडी बसली. दादा तेव्हा स्टेपनी बोल्टांवर चढवत होता, त्याची उजव्या हाताची करंगळी टायर आणि मडगार्डच्या मध्ये सापडली.

हॉस्पिटलमध्ये करंगळीचं वरचं पेर काढावं लागलं. पुढे दादा स्वतःच त्यावर विनोद करायचा. शाळेत आम्ही लघवीला जायला बाईंना करंगळी दाखवायचो ना, तर तो म्हणायचा, “आता मला अर्धीच परवानगी मिळते.” सगळे हसायचे. मी इतरांपेक्षा थोडा उशिरा हसायचो.

पण खरा अपघात करंगळीचा नव्हता. तो हॉस्पिटलच्या बाकड्यावर झाला. हाताला बँडेज बांधलेला दादा, शेजारी वहिनी, समोर मी. वहिनींनी विचारलं, “चाकाला वीट नव्हती लावली?”

“लावली होती,” दादा म्हणाला. मग माझ्याकडे बघून, “लावली होती ना रे?”

मी म्हणालो, “मला काही वीट दिसली नाही.”

पाच शब्द. मला वाटलं, आता याला दुखतंय, आता नको, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वहिनी जागेवर जाऊन पाहून आल्या आणि म्हणाल्या, “अहो, दोन्ही विटा जाग्यावर आहेत. तुम्ही उचललीच नाहीत.” दादाने उजवी टाच जमिनीवर आपटून पाहिली. मग म्हणाला, “मला तर टाचेने ठोकल्याचं आठवतंय.” त्याच्या डोक्यात आठवण होती आणि जमिनीवर पुरावा होता, आणि दादा सरळ माणूस असल्यामुळे त्याने पुराव्यावर विश्वास ठेवला. त्या दिवसापासून त्याने स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवणं सोडलं.

चाळीला विषय हवाच असतो. दादाने चहात साखर दोनदा घातली तरी “वीट विसरला” म्हणून हशा. छत्री बसमध्ये राहिली की वीट. पन्नाशी उलटल्यावर कोण चष्मा शोधत नाही? डोक्यावर चष्मा ठेवून मीही शोधतो. पण मी शोधला तर तो चष्मा, दादाने शोधला तर ती वीट. तो खिशात चिठ्ठ्या ठेवायला लागला. झोपायच्या आधी गॅसचं बटण तीनदा बघायचा. गाडी चालवणं त्याने त्याच महिन्यात सोडलं. चावी माझ्या हातात ठेवून म्हणाला, “तूच चालव बाबा. तुझं डोकं शाबूत आहे.”

मी चावी घेतली. आता यावर काय लिहायचं?

पुढे मी दादरला राहायला गेलो, ती गाडी जाऊन दुसरी आली, ही माझ्या एकट्याची. दादा लालबागलाच राहिला. रिटायर झाला. पुतणीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली. मुलगी आता तीन वर्षांची. आणि यंदा जूनच्या आधी पुतणी लालबागला आली तेव्हा मी तिथं बसून घावणे खात होतो.

“बाबा, मला पुन्हा नोकरी मिळतेय,” ती म्हणाली. “बालवाडी परळलाच आहे, तुमच्यापासून चालत पंधरा मिनिटं. बारा वाजता पिल्लूला घेऊन घरी यायचं, मी चारला येते. तुम्ही न्याल ना?”

दादाचा चेहरा आधी असा खुलला की मला वाटलं हा आत्ताच चप्पल घालून निघतो. मग तो मावळला.

“नको गं,” तो म्हणाला. “मी वीट विसरणारा माणूस. पोरीला कुठंतरी बसवून तसाच घरी आलो तर?”

“काहीतरीच काय बाबा! आई गुडघ्यांमुळे जिना उतरू शकत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मला नोकरी नाही म्हणावं लागेल.”

“बाई ठेव एखादी. मी नको. माझी मलाच खात्री नाही.”

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. काका, तुम्ही सांगा ना, असं. वहिनीही पाहू लागल्या. मी घावण्याचा तुकडा नारळाच्या रसात बुडवला आणि म्हणालो, “रस छान झालाय.”

नोकरीला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय, एवढं सांगून पुतणी निघून गेली.

तीन दिवसांनी, गुरुवारी, मी रे रोडला लाकूड बघायला गेलो होतो, घरातल्या खिडकीची चौकट कुजली म्हणून. वखारींच्या रस्त्यावर सकाळी अकराच्या सुमारास गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं. मागचं डावं चाक पोळीसारखं पसरलेलं.

सांगायला लाज वाटते, पण अकरा वर्षं गाडी चालवून मी एकदाही टायर बदलला नव्हता. पंक्चर झालं की फोन करायचो. त्या दिवशी फोन केला तर पंक्चरवाला म्हणाला, दीड तास लागेल. मी रस्त्याच्या मधोमध, मागून ट्रक हॉर्न देतायत. हळूहळू गाडी चालवत एका वखारीच्या फाटकासमोर सपाट जागा होती तिथं कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले, डिकीतला लाल त्रिकोण काढून तीस-चाळीस पावलं मागे नेऊन ठेवला. तो त्रिकोण गाडीबरोबर आला होता आणि अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होता.

मग हॅन्डब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली. आणि उभा राहिलो. पुढचं मला पाठ होतं. अकरा वर्षं दर रात्री मनात तेच तर चाललं होतं.

वखारीचा वॉचमन स्टुलावरून बघत होता. म्हणाला, “काय साहेब, नट काढा ना.”

“चाकाला लावायला काही आहे का?” मी विचारलं.

“लाकडाच्या वखारीसमोर उभे राहून विचारताय?” तो हसला आणि सागाचे दोन तिरके तुकडे घेऊन आला. पाचर म्हणतात तसे. “जमीन सपाट आहे पण. कशाला हवं?”

“हवं.”

बसलेलं चाक मागचं डावं, म्हणून मी पुढच्या उजव्या चाकाला एक पाचर पुढून, एक मागून लावली. लावली म्हणजे काय, तर चोपन्न वर्षांची कंबर वाकवली, ती ओरडली, पँटच्या गुडघ्याला डांबराचा डाग पडला, पाचर सरकली म्हणून उठून टाचेने ठोकली. एक, दोन, तीन. आणि तिथंच माझा पाय हवेत थांबला.

हे माणूस विसरत नाही. गॅस विसरेल, छत्री विसरेल. पण ज्या गोष्टीसाठी कंबर वाकवली, जी टाचेने ठोकून बसवली, ती त्याच्या टाचेला आठवते. दादाला आठवत होती. तो बाकड्यावर बरोबर बोलला होता, आणि मी त्याच्याच टाचेला खोटं पाडलं होतं.

“साहेब, झोपलात का?” वॉचमन म्हणाला.

मी कामाला लागलो. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, हवेत उचलल्यावर जोर लावला तर गाडी हलते, एवढं दादाचं बघून माहीत होतं. पाना लावला, हलेना. त्यावर पाय दिला, हलेना. एक टेम्पोवाला थांबून म्हणाला, “उल्टा घुमा रहे हो, चाचा.” खरंच उलटा फिरवत होतो. मी नट घट्ट करण्यात दहा मिनिटं घालवली होती. वॉचमन एवढा हसला की त्याच्या स्टुलाचा एक पाय निखळला. मुंबईत टायर बदलणाऱ्या माणसाला मदत कुणी करत नाही, पण सल्ला दिल्याशिवाय कुणी पुढेही जात नाही. त्या अर्ध्या तासात मला नऊ सल्ले मिळाले, त्यातला एक गाडी विकून टाकण्याचा होता.

जॅक कुठं लावायचा ती खाच शोधायला पुस्तिका काढली. नाहीतर पत्रा चेपतो. गाडी उचलली. स्टेपनी काढून आधी गाडीच्या खाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवली, म्हणजे जॅक दगा देईल तेव्हा गाडी टायरवर बसेल, माणसावर नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. करंगळीने शिकवलं होतं. जुनं चाक काढलं, ते खाली सरकवलं, स्टेपनी ओढून घेतली. ती चढवताना बोटं चाकाच्या वरच्या बाजूला जाऊ दिली नाहीत, खालून आणि बाजूने धरलं. हाताने नट लावले, खालचं चाक काढून घेतलं, गाडी उतरवली, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. पाना आता बरोबर दिशेने फिरत होता. स्टेपनीत हवा कमी वाटली म्हणून पुढच्या पंपावर भरायची ठरवली. पाचरी काढल्या शेवटी, सगळं झाल्यावर. काढून हातात घेतल्या आणि त्यांची माती पँटला पुसली.

“ठेवा तुमच्याकडेच,” वॉचमन म्हणाला.

“नको,” मी म्हणालो, आणि त्या त्याच्या हातात दिल्या.

लाकूड न बघताच मी पंपावरून सरळ लालबागला गेलो. दादा गॅलरीत वाल सोलत बसला होता. वहिनी आत. माझे हात काळे, शर्टावर ग्रीस.

“काय झालं रे? गॅरेजमध्ये नोकरी धरलीस?” दादा म्हणाला.

मी उभ्यानेच सांगितलं. सगळं. काका, एक वीट, दोन विटा, बाकडं, पाच शब्द. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. दादाच्या हातातला वाल अर्धाच सोललेला राहिला, तोंड उघडं.

तो म्हणाला, “म्हणजे लावली होती मी.”

“हो.”

“टाचेने ठोकून.”

“हो दादा.”

तो उठला, सोललेले वाल सगळे जमिनीवर सांडले. “अगं ए! बाहेर ये! लावली होती मी वीट! ऐकलंस का? मी लावली होती, या गाढवाने काढली!” त्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार. चेहऱ्यावर राग नव्हता, मॅच जिंकल्यासारखा दिसत होता. वहिनी बाहेर आल्या, गुडघ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. दादाने त्यांना दोनदा सांगितलं. मग हळूहळू त्याच्या लक्षात बाकीचं आलं, आणि चेहरा बदलला.

“अकरा वर्षं मी तीन-तीनदा गॅस बघतोय,” तो म्हणाला. आता आवाज बारीक होता. “मला वाटलं बापासारखं माझंही डोकं जाणार. मी रात्री पडल्या पडल्या सगळ्यांची नावं म्हणायचो रे. डोक्यात राहिलीत का बघायला. तुझंसुद्धा.”

मी खाली बसून सांडलेले वाल गोळा करायला लागलो.

“जा तू,” तो म्हणाला. “आत्ता जा.”

वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमच्यासाठी चहा ठेवला होता मी. तो आता मीच पिते.” अकरा वर्षं त्यांनीही त्याला विसराळू म्हणून टोमणे मारले होते. माझ्याकडे बघताना त्या त्याचाही हिशेब करत असाव्यात. मी जिना उतरलो. वरून दादाचा फोनवरचा आवाज येत होता, “जूनपासून मीच जाणार. नाय, नाय, बाई-बिई काही नको. सांग त्यांना, नोकरी घेते म्हणून.”

दादा खरंच काही विसरत नाही असं मी म्हणत नाही. बासष्ट वर्षांचा आहे, विसरत असणार. आता त्याचं विसरणं त्याचं स्वतःचं आहे, एवढंच.

नोकरी आणि बालवाडी दोन्ही जूनमध्ये सुरू झाल्या. पहिल्या सोमवारी मी परळला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. साडेअकरालाच दादा फाटकाशी उभा होता, साखरपुड्याला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची छोटी बाटली. मला पाहून त्याच्या कपाळावर आठी आली. त्या गुरुवारनंतर आम्ही बोललो नव्हतो.

“कशाला आलास? बघायला, मी विसरतोय का?”

“नाही दादा. सहज.”

“सहज काय? तुझं काही सहज नसतं.” मग तो जरा जवळ आला. “हे बघ, आतल्या बाईंना मी तुझा फोटो दाखवून ठेवलाय.”

“माझा? कशाला?”

“सांगितलंय त्यांना, हा माणूस आला आणि म्हणाला की आजोबांनी पाठवलंय, तर पोरगी द्यायची नाही. थापा मारतो.”

घंटा झाली. दादा मला बाजूला सारून पालकांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.